पोल आणि रेक: कॅल्क्युलेटरवर पोलर-रेक्टँग्युलर करताना कोन कुठे चुकतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात डिप्लोमा इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. −३ + ४जे ही रेक्टँग्युलर रूपातली (आडवा आणि उभा घटक) संख्या पोलरमध्ये, म्हणजे मूल्य आणि कोन या रूपात न्यायची आहे. मूल्य ५ बरोबर येतं, पण टॅन इन्व्हर्स घेतला की −५३.१३ येतं आणि पुस्तकात १२६.८७ आहे. मित्राच्या कॅल्क्युलेटरवर पोल (रेक्टँग्युलरचं पोलर करणारी क्रिया) दाबलं तर नुसतं ५ येतं, कोन येतच नाही. तिसऱ्या एका कॅल्क्युलेटरवर १४०.९७ आलं. कॅल्क्युलेटर बिघडले आहेत का? अप्पा बळवंत चौकात जाऊन नवीन घ्यायचा तर कोणता घ्यावा?

तिन्ही कॅल्क्युलेटर ठणठणीत आहेत. टॅन इन्व्हर्सला चरण (क्वाड्रंट) कळत नाही, मित्राच्या मशीनवर कोन मेमरीत जाऊन बसला होता आणि तिसरं मशीन ग्रेडियन या कोनाच्या वेगळ्या एककात होतं. खरेदीचं शेवटी बघू.

टॅन इन्व्हर्सला तुम्ही ४ ÷ (−३), म्हणजे −१.३३३ एवढा एकच आकडा देता. भागाकार झाला की उणे चिन्ह वरच्या आकड्याचं होतं की खालच्या, हे कुठेच उरत नाही. (−३, ४) आणि (३, −४) हे बिंदू आरंभबिंदूच्या अगदी विरुद्ध बाजूंना आहेत, पण दोघांचा भागाकार एकच. कॅल्क्युलेटर −९० ते +९० मधलंच उत्तर देतो, म्हणजे पहिलं किंवा चौथं चरण. बिंदू दुसऱ्या-तिसऱ्या चरणात असला, म्हणजे एक्स उणे असला, की उत्तर नेमकं १८० अंशांनी चुकतं. आणि एक्स शून्य असेल तर थेट मॅथ एरर, कारण शून्याने भाग जात नाही.

पोल ही क्रिया एक्स आणि वाय वेगवेगळे घेते, दोघांची चिन्हं बघते आणि कोन −१८० ते +१८० या टप्प्यात देते. पोल(−३, ४) ला १२६.८७, पोल(३, −४) ला −५३.१३, पोल(०, ५) ला ९०. ज्या मशीनवर पोल आहे त्यावर या कामासाठी टॅन इन्व्हर्स वापरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सबमिशनच्या वहीत सूत्र लिहायचं असेल तर खुशाल लिहा, पण आकडा पोलमधून घ्या.

आता बटणं. वर्गात साधारण चार पिढ्यांचे कॅसिओ दिसतात आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी आहे.

एमएस मालिका, म्हणजे एफएक्स-८२एमएस, १००एमएस, ९९१एमएस: पोल नावाची स्वतंत्र की आहे, शिफ्ट देऊन तीच दाबली की रेक, म्हणजे उलट, पोलरमधून रेक्टँग्युलर. स्वल्पविरामाचीही वेगळी की आहे. पोल, −३, स्वल्पविराम, ४, कंस बंद, बरोबर (=). स्क्रीनवर फक्त ५ येतो. कोन मेमरी एफमध्ये गेलेला असतो. आरसीएल (रिकॉल) दाबून एफ दाबा (एफ हे अक्षर टॅनच्या कीवर आहे), १२६.८६९८ येईल. पहिलं उत्तर मेमरी ईमध्ये, म्हणजे कॉसच्या कीवर. रेक केलं तर ईमध्ये एक्स आणि एफमध्ये वाय. तुमच्या मित्राचं उत्तर इथेच अडकलं होतं.

ईएस आणि ईएस प्लस, म्हणजे ८२ईएस प्लस, ९९१ईएस प्लस वगैरे: शिफ्ट आणि अधिक म्हणजे पोल, शिफ्ट आणि वजा म्हणजे रेक. स्वल्पविराम शिफ्ट देऊन बंद कंसाच्या कीवर. दोन्ही उत्तरं एकाच ओळीत येतात. ओळ स्क्रीनबाहेर गेली तर उजवा बाण दाबा. बरेच जण अर्धी ओळ वाचून कोन दशांशाआधीच सोडून देतात. इथे उत्तरं ई-एफमध्ये नाही, एक्स आणि वाय या मेमरीत जातात. एमएसवरून ईएसवर आलेले विद्यार्थी सवयीने एफ रिकॉल करतात आणि तिथे पडलेला कुठला तरी जुना आकडा उत्तर म्हणून लिहितात. शून्य निघालं तर निदान शंका येते, जुना आकडा निघाला तर तीही येत नाही.

९९१ईएक्सवर पोल-रेक याच जागी आहेत आणि मेमरीही एक्स-वायच. नव्या ९९१सीडब्ल्यूवर मात्र ही बटणं कीबोर्डवर सापडणार नाहीत. कॅटलॉग की, मग अँगल-कोऑर्ड-सेक्सा, मग रेक्ट टू पोलर किंवा पोलर टू रेक्ट.

कुठल्याही मशीनवर लक्षात ठेवायची गोष्ट: पोल-रेक दुसऱ्या आकडेमोडीत घातलं तर फक्त पहिलं उत्तर पुढे जातं. पोल(३, ४) × २ म्हणजे १०, कोनाचा त्यात पत्ता नाही. आन्सच्या कीवर विसंबूनही कोन मिळणार नाही.

हे मेमरीचं प्रकरण नीट समजून घेतलं तर कॉम्प्लेक्स मोड नसलेल्या साध्या ८२वरसुद्धा फेजरचं (मूल्य आणि कोन असलेल्या राशींचं) अख्खं उदाहरण एकही आकडा कागदावर न उतरवता सुटतं. समजा २३० व्होल्टच्या सप्लायवर दोन शाखा समांतर आहेत: एक ८ + ६जे ओहमची, दुसरी ३ − ४जे ओहमची. एकूण प्रवाह हवा आहे. ईएस मालिकेवर क्रम असा:

पोल(८, ६) = १० आणि ३६.८७ येतात, ते एक्स-वायमध्ये आहेत.

रेक(२३० ÷ एक्स, −वाय) = १८.४ आणि −१३.८. भागाकारात कोनाचं चिन्ह बदलतं म्हणून वायच्या आधी उणे. कंसात जुने एक्स-वाय वापरले जातात आणि बरोबर दाबल्यावर त्यांच्या जागी नवे येऊन बसतात, त्यामुळे अडचण काहीच नाही.

आता हे पुढच्या वेळी पुसले जाणार, म्हणून एक्स रिकॉल करून एमध्ये आणि वाय रिकॉल करून बीमध्ये ठेवा. स्टोअर म्हणजे शिफ्ट, आरसीएल आणि मग अक्षर.

पोल(३, −४) = ५ आणि −५३.१३.

रेक(२३० ÷ एक्स, −वाय) = २७.६ आणि ३६.८.

पोल(ए + एक्स, बी + वाय) = ५१.४३ आणि २६.५७.

एमएसवर असाल तर एक्सच्या जागी ई आणि वायच्या जागी एफ वाचा, बाकी सगळं तसंच. उत्तर ५१.४३ अँपिअर, कोन +२६.५७ अंश, म्हणजे प्रवाह व्होल्टेजच्या पुढे. पॉवर फॅक्टर ०.८९४ लीडिंग. शाखांचे प्रवाह २३ आणि ४६ अँपिअर आहेत, त्यांची सरळ बेरीज ६९ होते. परीक्षेत ६९ लिहिणारे दरवर्षी निघतात. प्रवाहांची मूल्यं अशी सरळ मिळवता येत नाहीत, आधी रेक करून आडवे-उभे घटक वेगवेगळे मिळवावे लागतात. रूपांतर शिकायचं ते याचसाठी.

मधले आकडे मेमरीतच ठेवण्याचा आग्रह उगाच नाही. सर्व्हेचंच बघा: १०० मीटरच्या रेषेत कोन अर्ध्या अंशाने इकडेतिकडे झाला तर टोक ८७ सेंटिमीटर सरकतं. एक मिनिटाची चूकही जवळजवळ ३ सेंटिमीटर होते. ३६.८६९८ चं ३७ करून पुढे नेलं की शेवटच्या उत्तरात फरक दिसणारच.

आता १४०.९७. पूर्ण वर्तुळ ३६० अंश, ६.२८३ रेडियन किंवा ४०० ग्रेडियन. कॅल्क्युलेटर या तिन्हींपैकी ज्यात असेल त्यात कोन देतो. रेडियनची चूक लगेच कळते, कारण १२६.८७ च्या जागी २.२१४ येतं. ग्रेडियनची चूक लबाड आहे. १४०.९७ हा आकडा अंशांसारखाच दिसतो, दुसऱ्या चरणातही वाटतो, आणि पूर्ण उदाहरण त्यावर सुटून जातं. स्क्रीनच्या वरच्या कडेला बारीक डी, आर किंवा जी असतं, तिकडे नजर टाकायची सवय लावा. बदलायचं कसं: एमएसवर डेग-रॅड-ग्रा हा पर्याय येईपर्यंत मोड दाबत राहा (८२एमएसला दोनदा, ९९१एमएसला चारदा), मग १. ईएसवर शिफ्ट, मोड, ३. ईएक्सवर शिफ्ट, मेनू, २, मग १.

पेपर सुरू होण्याआधी पोल(−३, ४) करून बघा. ५ आणि १२६.८७ आले तर एकक बरोबर आहे, चिन्ह नीट जात आहे आणि दुसरं उत्तर कुठल्या मेमरीत जातं हेही कळतं. कोन २.२१ आला तर रेडियन, १४०.९७ आला तर ग्रेडियन.

एक कोपरा मात्र उरतो: ३१४टी + ३०° असं लिहिलेलं उदाहरण. टी म्हणजे वेळ; ३१४टी रेडियनमध्ये आहे आणि ३० अंशांमध्ये. ठरावीक वेळेची किंमत घालायची असेल तर ३१४टीला १८० ने गुणून पायने भागा, अंश करून घ्या आणि मगच ३० मिळवा. मशीनचा मोड कुठलाही ठेवला तरी ही सरमिसळ ते स्वतःहून निस्तरत नाही.

९९१ असेल तर कॉम्प्लेक्स मोड आहे, आणि इलेक्ट्रिकलवाल्यांनी तो वापरलाच पाहिजे. ईएस प्लसवर मोड, २. आयची खूण इंजिनिअरिंग कीवर आहे, जेच्या जागी तीच. कोनाची ∠ खूण शिफ्ट देऊन उणे चिन्हाच्या कीवर. वरचं अख्खं उदाहरण एका ओळीत होतं:

२३० ÷ (८ + ६आय) + २३० ÷ (३ − ४आय) = ४६ + २३आय

मग शिफ्ट, २ दाबून सीएमपीएलएक्सची यादी उघडा, त्यातला आर∠थीटा पर्याय घ्या, बरोबर दाबा: ५१.४३∠२६.५७. उलट जायचं असेल तर त्याच यादीत ए+बीआय. ९९१एमएसवर हेच पर्याय शिफ्ट देऊन अधिक आणि वजाच्या कीवर आहेत. तिथे एका वेळी एकच भाग दिसतो, दुसरा बघायला शिफ्ट देऊन बरोबरची की. ९९१ईएक्सवर हे ऑप्शन कीखाली खालच्या पानावर आहे. कायम पोलरमध्येच उत्तरं हवी असतील तर ईएसवर शिफ्ट-मोडच्या दुसऱ्या पानावर सीएमपीएलएक्समध्ये आर∠थीटा निवडून ठेवा.

इथे चुका होतात त्या कंसांच्या. २३० ÷ ८ + ६आय असं टाकलं तर मशीन २३० ला फक्त ८ ने भागतं आणि २८.७५ + ६आय दाखवतं. एरर येत नाही, आकडा दिसायलाही ठीकठाक असतो. प्रत्येक इम्पिडन्सला (८ + ६आय सारख्या ओहममधल्या संख्येला) स्वतःचा कंस द्या, मग तो एकटा का असेना.

दुसरी चूक ई-च्या घाताची. पुस्तकात फेजर ई-रेज-टू-जे-थीटा असा लिहिलेला असतो, म्हणून काही जण तसंच टाकतात. ९९१ईएसवर ते चालत नाही, मॅथ एरर येते. त्या जागी १∠थीटा टाका, अर्थ तोच. कॉम्प्लेक्स संख्येचं वर्गमूळही ही मशीन थेट काढत नाहीत. ट्रान्समिशन लाइनच्या कॅरॅक्टरिस्टिक इम्पिडन्सला ते लागतंच. तिथे मूल्याचं वर्गमूळ घ्यायचं आणि कोन निम्मा करायचा: √(अ‍ॅब्स(आन्स))∠(आर्ग(आन्स) ÷ २). ३ + ४आय वर करून बघा, २ + आय यायला हवं.

पॉवर काढताना प्रवाहाचा कॉन्जुगेट (आयच्या भागाचं चिन्ह उलट केलेली संख्या) घ्यायला विसरू नका. वरच्या उदाहरणात २३० × कॉन्जुगेट(४६ + २३आय) = १०५८० − ५२९०आय, म्हणजे १०.५८ किलोवॉट आणि ५.२९ केव्हीएआर लीडिंग. कॉन्जुगेट नाही घेतला तर लीडिंगचं लॅगिंग होतं, आकडे तेच राहतात आणि चूक लपते. आणखी एक: ईएस मालिकेत पोल आणि रेक कॉम्प्लेक्स मोडमध्ये चालत नाहीत, त्यासाठी परत मोड, १.

सिव्हिलच्या मुलांसाठीही यात मोठी सोय आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. गणितात कोन पूर्वेकडून, म्हणजे एक्स अक्षापासून, घड्याळाच्या उलट मोजतात. सर्व्हेमध्ये बेअरिंग, म्हणजे रेषेचा दिशाकोन, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने. त्यामुळे बरेच जण ९० मधून वजा करत बसतात. गरज नाही. एक्सच्या जागी उत्तरेचं अंतर आणि वायच्या जागी पूर्वेचं अंतर टाका, कोन थेट बेअरिंगच येतो. एक्स-वायची अदलाबदल केली की आकृती ४५ अंशांच्या रेषेत आरशासारखी उलटते. आरंभरेषा पूर्वेऐवजी उत्तर होते आणि फिरण्याची दिशाही उलटते, दोन्ही एकदमच. म्हणून रेक(लांबी, बेअरिंग) केलं की पहिलं उत्तर लॅटिट्यूड (उत्तर-दक्षिण अंतर) आणि दुसरं डिपार्चर (पूर्व-पश्चिम अंतर). ८५.४० मीटर आणि १२४°३०′ बेअरिंगला −४८.३७ आणि ७०.३८ येतात: दक्षिणेला ४८.३७, पूर्वेला ७०.३८. चिन्हं आपोआप. अंश-मिनिट-सेकंदाची की रेकच्या कंसातही चालते, दशांश करून घेत बसू नका. उलट पोलमधून आलेलं बेअरिंग मिनिट-सेकंदांत हवं असेल तर वाय (एमएसवर एफ) रिकॉल करून तीच की दाबा.

पुण्याच्या नकाशावर करून बघा. शनिवारवाड्यापासून सिंहगड ढोबळमानाने १७ किलोमीटर दक्षिणेला आणि १०.५ किलोमीटर पश्चिमेला आहे. पोल(−१७, −१०.५) = १९.९८ आणि −१४८.३०. कोन उणे आला की ३६० मिळवा: २११.७०. म्हणजे सरळ रेषेत जेमतेम २० किलोमीटर, दिशा दक्षिण-नैर्ऋत्य. आता हेच टॅन इन्व्हर्सने करा. १०.५ ÷ १७, दोन्ही उणे एकमेकांना खाऊन टाकतात, कोन ३१.७० येतो. त्या बेअरिंगवर २० किलोमीटर गेलात तर आळंदी-मरकळच्या बाजूला पोहोचाल.

ट्रॅव्हर्सची (एकापुढे एक रेषा मोजत परत सुरुवातीला येणाऱ्या मोजणीची) क्लोजिंग एरर, म्हणजे शेवटी उरलेली तफावत, याच पद्धतीने दोन सेकंदांत निघते. लॅटिट्यूडची बेरीज +०.१२ आणि डिपार्चरची −०.०९ उरली असेल तर पोल(०.१२, −०.०९) = ०.१५ मीटर, कोन −३६.८७, म्हणजे बेअरिंग ३२३.१३. परिमिती ६१२ मीटर असेल तर अचूकता ४०८० त १. फक्त क्रमाकडे लक्ष ठेवा. बऱ्याच तक्त्यांत ईस्टिंग आधी आणि नॉर्दिंग नंतर छापलेलं असतं, आणि त्याच क्रमाने पोलमध्ये गेलं की कोन पूर्वेपासून उलट दिशेने मोजलेला मिळतो. तसं झालंच तर बेअरिंग म्हणजे ९० वजा तो कोन.

खरेदीचं म्हणाल तर इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सला ९९१ घ्या, कॉम्प्लेक्स मोडसाठी. सिव्हिल-मेकॅनिकलला ८२वर भागतं. तंत्रशिक्षण मंडळाच्या पेपरवर नॉन-प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटरला परवानगी असल्याची सूचना असते आणि ९९१ त्यात बसतो. हातातला कॅल्क्युलेटर चालत असेल तर निव्वळ पोलची जागा सोयीची म्हणून बदलू नका. परीक्षेच्या तोंडावर नवा कीबोर्ड म्हणजे हमखास चुका.

पुढे इंजिनिअरिंग करून गेट ही परीक्षा देणार असाल तर तिथे स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही. स्क्रीनवरचा वापरावा लागतो आणि त्याला पोल-रेक नाही. हाताने करायचा नियम असा: टॅन इन्व्हर्स घ्या. एक्स धन असेल तर तोच कोन. एक्स उणे आणि वाय धन किंवा शून्य असेल तर १८० मिळवा. दोन्ही उणे असतील तर १८० वजा करा. हे घाईत उलटसुलट होतं असं वाटत असेल तर दुसरं सूत्र आहे, त्यात चरण बघावंच लागत नाही: थीटा = २ × टॅन इन्व्हर्स(वाय ÷ (आर + एक्स)), यात थीटा म्हणजे कोन आणि आर म्हणजे मूल्य. (−३, ४) ला आर ५, म्हणून ४ ÷ (५ − ३) = २, त्याचा टॅन इन्व्हर्स ६३.४३५, दुप्पट १२६.८७. (−३, −४) ला तेच उणे चिन्हाने, −१२६.८७. (०, ५) लाही अडत नाही: ५ ÷ ५ = १, ४५ ची दुप्पट ९०. अडतं ते एकाच ठिकाणी. वाय शून्य आणि एक्स उणे असेल तर छेद शून्य होतो, तिथे कोन सरळ १८० लिहा. बिंदू त्या उणे अक्षाच्या अगदी जवळ असेल तर आर आणि एक्स (चिन्ह सोडून) जवळजवळ सारखे असल्यामुळे वजाबाकीत आकडे झिजतात, म्हणून आर पूर्ण दशांशांसह घ्या किंवा आधीचा १८० चा नियम वापरा.